ओले मैदान, दैव आणि पैज

पुण्यातला घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुंबईत महालक्ष्मीला होतात. जुलैपासून दिवाळीच्या सुमारापर्यंत त्या पुण्याच्या लष्कर भागात, एम्प्रेस गार्डनजवळच्या रेसकोर्सवर होतात. या वाटणीमागे सह्याद्री आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईवर दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. घाट ओलांडून आलेल्या ढगांत पुण्यासाठी त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच पाणी उरते. तेवढ्या पावसात पुण्याचे मैदान शर्यतीजोगे राहते, पण क्वचितच पुरते कोरडे असते.

देशातल्या पाच ‘क्लासिक’ शर्यतींपैकी वन थाउजंड गिनीज, टू थाउजंड गिनीज, ओक्स आणि डर्बी या चार महालक्ष्मीला कोरड्या हवेत होतात. पाचवी आणि सर्वांत लांब, २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर, पुण्याच्या पावसाळी हंगामात धावली जाते. या शर्यतींत अडथळे नसतात. सपाट हिरवळीवर सरळ वेगाची आणि दमाची कसोटी लागते, आणि त्यामुळे हिरवळीखालच्या मातीची अवस्था निकालात थेट उतरते. मुंबईत सरस ठरलेला घोडा पुण्याच्या ओल्या मैदानावर मागे पडला, तर हरलेले लोक नशिबाला बोल लावतात आणि जिंकलेले स्वतःच्या अभ्यासाची पाठ थोपटतात. एकाच पावसाकडे दैव म्हणून पाहावे की ज्ञानाचा विषय म्हणून, हा प्रश्न भारतीय विचारात फार जुना आहे. पैज लावण्याच्या बऱ्यावाईटाचा विचारही याच प्रश्नापाशी सुरू होतो, मात्र तो तिथे संपत नाही.

पाऊस मैदानाचे काय करतो

शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण ४५० ते ५०० किलो असते. भरधाव वेगात काही क्षण एकाच पायावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो. टणक जमिनीवर खूर टेकतो आणि जमिनीचा प्रतिरोध त्याला वर उसळवतो. ओल्या जमिनीत खूर रुततो, त्याच्या बळाचा काही भाग माती दाबण्यात जातो आणि काही भाग पाय बाहेर खेचण्यात. एका झेपेत जाणारा तोटा नजरेला दिसतही नाही, पण तो साठत जातो. सात मीटरची एक झेप धरली, तर २८०० मीटरला चारशे झेपा लागतात. प्रत्येक झेपेत फक्त पाच सेंटिमीटर अंतर कमी पडले, तर चारशे झेपांअखेर घोडा वीस मीटर मागे राहतो. एका घोड्याची लांबी सुमारे अडीच मीटर धरली, तर हे अंतर आठ लांबींचे होते. शर्यतीचा निकाल अनेकदा अर्ध्या लांबीवर लागतो.

सगळ्या घोड्यांचा तोटा सारखा नसतो. गुडघा उंच उचलून धावणारा, रुंद खुराचा घोडा ओल्या मैदानावर बरा निभावतो, असा ट्रेनर मंडळींचा जुना अनुभव आहे. जमिनीलगत लांब, सपाट झेप घेणाऱ्या घोड्याचा वेग कोरड्या मैदानावर खुलतो आणि जड मैदानावर कोमेजतो. दमाचा घोडा उजवा ठरतो, कारण मैदान जड झाले की अंतर जणू वाढते. पुढे धावणाऱ्याचा चेहरा स्वच्छ राहतो. मागच्यांवर मात्र पुढच्या खुरांनी उडवलेली चिखलाची ढेकळे येतात आणि काही घोडे त्याने बिचकतात. जॉकी अशा दिवशी एकावर एक तीन-चार गॉगल चढवतात आणि काच माखली की वरचा गॉगल खाली ओढून पुढची काच मोकळी करतात.

दिवसाच्या पहिल्या शर्यतीचे मैदान आणि शेवटच्या शर्यतीचे मैदान हेही एक नसते. आतल्या कठड्यालगतची हिरवळ दर शर्यतीत तुडवली जाते आणि दुपार कलेपर्यंत तिथे चिखल होतो. मग अनुभवी जॉकी घोडा बाहेर, न तुडवलेल्या पट्ट्यावर नेतो. त्याचीही किंमत मोजावी लागते. अर्धवर्तुळाकार वळणावर एक मीटर बाहेरून धावले, की तीन मीटरहून थोडे अधिक अंतर जादा कापावे लागते. चिखलातले जवळचे अंतर की चांगल्या जमिनीवरचे लांबचे, हा निर्णय जॉकीला काही क्षणांत घ्यावा लागतो.

कळण्याजोगे आणि न कळण्याजोगे

मैदानाची अवस्था मोजता येते. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या पेनेट्रोमीटर या उपकरणात एक किलोचे वजन एक मीटर उंचीवरून तीनदा सोडतात आणि त्याखालचा दांडा मातीत किती रुतला ते पाहतात. मैदानात ठिकठिकाणी अशी मोजणी करून सरासरी काढली जाते. आकडा वाढला म्हणजे मैदान मऊ झाले. तो तीनच्या आसपास असेल तर मैदान चांगले, चारकडे सरकला तर मऊ आणि पाचकडे सरकला तर जड, असा फ्रान्समधला ढोबळ हिशेब आहे. घोड्याची आधीची कामगिरी, त्याच्या बापाची संतती ओल्यात कशी धावते, सकाळच्या गॅलपमध्ये त्याने पाय कसे टाकले, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, हे सारे पाहता येते.

तरीही काही उरतेच. ओल्या मैदानावर एकदाही न धावलेल्या घोड्याविषयी अनुमान करावे लागते आणि कोरड्या महालक्ष्मीचा अनुभव तिथे पुरत नाही. दुपारची सर कधी येईल हे सकाळी पक्के सांगता येत नाही. आधीच्या शर्यतीत उखडलेल्या नेमक्या खड्ड्यात कोणाचा पाय पडेल हे तर कोणीच सांगू शकत नाही. इथे दोन प्रकारच्या अज्ञानात फरक करावा लागतो. घोड्याच्या रुंद खुरांकडे कोणी लक्ष दिले नाही, हे कळण्याजोगे असून न कळलेले. खड्ड्यात पडलेला पाय हे आधी कळण्याजोगेच नव्हते. हरल्यावर माणूस दोन्हींना ‘नशीब’ हे एकच नाव देतो, आणि विचाराचा गोंधळ तिथून सुरू होतो.

ओले मैदान या दोन्ही अज्ञानांत भर घालते, पण सारख्या प्रमाणात नाही. घसरणे, बिचकणे, खड्ड्यात पाय जाणे यांची शक्यता थोडी वाढते. त्याहून कितीतरी जास्त वाढते ती जाणत्या आणि अजाण माणसातली दरी. कोरड्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक असलेला नेहमीचा हिशेब चालतो. जड मैदानावर तो हिशेब मोडतो आणि बारकाईने पाहणाऱ्याला मोकळी जागा मिळते. ‘पावसात सगळेच नशिबावर’ असे रेसकोर्सवर सहज बोलले जाते, पण घडते ते बरेचसे उलट.

पावसावरची पैज आणि घोड्यावरची पैज

या भेदाचा एक लख्ख नमुना महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. १८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस पडेल की नाही, किती पडेल, त्या आकड्यातले अंक कोणते येतील, यांवरच्या पैजा जुगारात धरल्या आहेत. त्याच कायद्यात, शर्यतीच्या दिवशी परवाना असलेल्या रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या जागेत घोड्यावर लावलेली पैज मात्र जुगाराच्या व्याख्येतून वगळली आहे. म्हणजे दुपारी सर येईल यावर पैसे लावणे गुन्हा. आणि सर येऊन भिजलेल्या मैदानावर अमुक घोडा जिंकेल, यावर रेसकोर्सच्या खिडकीत पैसे लावणे कायदेशीर.

यामागचे तत्त्व न्यायालयाने पुढे मांडले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात जुगाराला व्यापाराच्या हक्काबाहेर ठेवले. त्या निकालात ऋग्वेदातल्या अक्षसूक्ताची आणि महाभारतातल्या द्यूताची आठवण काढलेली आहे. त्यानंतर १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा वाटा मोठा असल्याचे ठरवले आणि तिच्यावरची पैज जुगारातून वेगळी काढली. घोड्याचा वंश, तयारी, जॉकीचे कसब, वजन आणि अंतर यांचा अभ्यास करता येतो, हा त्या निकालाचा आधार आहे. मात्र करआकारणीत हा भेद पुसट झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शर्यतीवरच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर, कॅसिनो आणि ऑनलाइन जुगाराच्या रांगेत बसवून, तेव्हा २८ टक्के असलेला जीएसटी लावण्यात आला.

कायद्याची रेषा ज्ञानावर आखलेली आहे. ज्यात ज्ञानाला वाव आहे ते कौशल्य आणि ज्यात नाही तो जुगार. पण हवामानशास्त्र वाढत गेले तशी पावसाची बाजू बदलली. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले; शिवाजीनगरची त्याची इमारत जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून ‘सिमला ऑफिस’ आहे. तिथे पावसाची शक्यता टक्क्यांत सांगितली जाते. पाऊस पूर्ण दैवाधीन राहिलेला नाही आणि घोडा पूर्ण अभ्यासाधीन झालेला नाही. तेव्हा केवळ ‘कळू शकते की नाही’ या कसोटीवर पैजेची योग्यता ठरवणे अपुरे पडते.

द्यूत आणि समाह्वय

धर्मशास्त्राने वेगळी विभागणी केली होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंवर खेळले जाते ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर खेळले जाते ते समाह्वय, असे दोन भाग आहेत. घोड्यांवरची पैज दुसऱ्यात बसते. मनूने राजाला दोन्ही बंद करायला सांगितले. कौटिल्याची भूमिका निराळी आहे. अर्थशास्त्रात द्यूतासाठी अध्यक्ष नेमलेला आहे, खेळ ठरलेल्या जागीच व्हावा असा नियम आहे, लबाडीला दंड आहे आणि जिंकलेल्या रकमेतून राजाचा पाच टक्के हिस्सा आहे. आजचा परवाना असलेला रेसकोर्स आणि त्यावरचा कर यांचे हे जुने रूप आहे. एका परंपरेत बंदी आणि नियमन या दोन्ही वाटा होत्या, याचा अर्थ प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता.

यापैकी कोणीही कौशल्याला सूट दिलेली नाही, हे विशेष. महाभारतातला शकुनी फाशांत निष्णातच होता. मनूच्या दृष्टीने प्रश्न खेळणाऱ्याला किती कळते याचा नव्हता. खेळाने घराचे आणि राज्याचे काय होते याचा होता.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त तर घरापासूनच सुरू होते. बेहड्याच्या फळांच्या फाशांनी वेडावलेला माणूस, दुरावलेली बायको, तिरस्कार करणारी सासू, कर्ज, आणि शेवटी फासे सोडून शेती करण्याचा उपदेश, असा त्याचा ओघ आहे. हा उपदेश पावसाच्या संदर्भात खोल आहे. शेतीही पावसावरच अवलंबून असते. मावळातला भातकरी आणि पुरंदरचा बाजरीवाला दरवर्षी बियाणे आणि मेहनत पणाला लावतात. तरी सूक्ताने शेतीला जुगाराच्या विरुद्ध टोकाला ठेवले. शेतकऱ्याची जोखीम आधीच अस्तित्वात असते. तो ती अंगावर घेतो आणि त्यातून धान्य निपजते. पैज लावणारा नसलेली जोखीम स्वतःसाठी निर्माण करतो, आणि त्यातून पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. रेसकोर्सचे मैदान आणि शेत भिजवणारा पाऊस एकच असला तरी माणसाचे त्याच्याशी नाते दोन्हीकडे सारखे नाही.

नळ आणि ऋतुपर्ण

घोडा, फासा आणि ज्ञान यांचा एकत्र विचार महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात सापडतो. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही कथा सांगतो. कलीने पछाडलेला नळ राजा आपला भाऊ पुष्कर याच्याशी खेळून राज्य गमावतो आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोडे सांभाळतो. त्याची पत्नी दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि एका दिवसात विदर्भ गाठायचा असतो. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे परंपरेने आजच्या अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर मानले जाते.

वाटेत राजाचे उपरणे उडून पडते. ते आणायला थांब म्हणावे तो रथ एक योजन पुढे निघून गेलेला असतो. नळाला अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचे मर्म, ठाऊक असते. पुढे बेहड्याचे एक झाड दिसते आणि ऋतुपर्ण नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ घाई असतानाही रथ थांबवतो आणि प्रत्यक्ष मोजून पाहतो. आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्णाकडे अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि संख्येचे मर्म, असते. दोघे आपापली विद्या एकमेकांना देण्याचे ठरवतात. अक्षविद्या मिळताच कली नळाच्या शरीरातून बाहेर पडतो.

फाशांचे मर्म कळल्यावर नळाचे फाशांचे वेड सुटले. कलीचा अंमल अज्ञानावर होता. नळाने हरण्याला दैव म्हटले तोवर तो त्याच्या ताब्यात होता. पुढे नळ पुष्कराशी पुन्हा खेळतो, एकाच डावात राज्य परत घेतो, भावाला क्षमा करून त्याचा वाटा त्याला देतो आणि थांबतो.

विद्या हाती येण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. नळ आणि ऋतुपर्ण यांनी ज्ञान उघडपणे देवघेवीत दिले आणि दोघेही अधिक जाणते झाले. पैजेच्या बाजारात ज्ञानाचा स्वभाव याच्या उलट असतो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने रूढ केलेली ही पद्धत आहे. जड मैदानावर अमुक घोडा पळेल हे सगळ्यांनाच कळले, तर सगळे त्यावरच पैसे लावतात, भाव पडतो आणि त्या ज्ञानाला काही मोल उरत नाही. इथे ज्ञान फायद्याचे ठरते ते दुसऱ्याला ते नसेपर्यंतच. शिकवल्याने कमी होणारे आणि लपवल्याने वाढणारे हे ज्ञान आहे. कौशल्य असूनही पैजेच्या नैतिकतेविषयी शंका उरते तिचे मूळ इथे आहे.

दैवाचा वाटा

दैव आणि प्रयत्न यांच्या वादात भारतीय ग्रंथांनी क्वचितच एक टोक धरले. योगवासिष्ठाने दैवाला स्वतंत्र अस्तित्व नाकारले आणि पूर्वीच्या पुरुषार्थाचे फळ म्हणजेच दैव असे म्हटले. याज्ञवल्क्यस्मृतीने दोन्ही आवश्यक मानले आणि एका चाकावर न चालणाऱ्या रथाचा दाखला दिला. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरीत या पाचांचे सविस्तर विवेचन आहे. १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कर्माची साखळी मानूनही माणसाच्या स्वातंत्र्याला जागा आहे, हा त्यातला आग्रह आहे.

गीतेच्या त्या यादीत दैव शेवटी येते आणि पाचांत एक असते. शर्यतीलाही हे लागू पडते. मैदान आहे, घोडा आणि जॉकी आहेत, साज आणि तयारी आहे, प्रत्यक्ष धाव आहे, आणि यांपलीकडे काही उरते. पहिल्या चारांचा विचार न करता पाचव्याला दोष देणे हा आळस. पहिल्या चारांचा विचार केला म्हणून पाचवे नाहीसे झाले असे समजणे हा गर्व. ओल्या मैदानावर दोन्ही चुका घडतात. आळसाची चूक नवख्याकडून होते आणि गर्वाची चूक जाणत्याकडून. दुसरी जास्त महागात पडते, कारण जाणता माणूस मोठी रक्कम लावतो.

कौशल्याने न सुटणारे प्रश्न

पैजेत ज्ञान असते हे मान्य केल्यावरही तीन प्रश्न तसेच उभे राहतात. पहिला, पणाला काय लागले आहे. सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न हाच आहे: आधी स्वतःला हरलेल्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? ज्या पैशावर घरातल्या इतरांचा हक्क आहे तो लावणाऱ्याला मैदानाचे कितीही ज्ञान असले, तरी त्या ज्ञानाने अधिकार मिळत नाही.

दुसरा प्रश्न घोड्याचा. समाह्वयात जीव गुंतलेला असतो आणि त्याला पैज ठाऊक नसते. टणक जमिनीवर त्याच्या हाडांना आणि सांध्यांना हादरे बसतात. माफक ओल ते हादरे कमी करते, पण खोल चिखलात स्नायुबंधांवर ताण येतो आणि पाय घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून मैदान धोक्याचे झाले तर शर्यत रद्द करणे हे कर्तव्य ठरते. त्या वेळी किती पैसे लागलेले आहेत हा विचार मध्ये येता कामा नये.

तिसरा प्रश्न थांबण्याचा. कौशल्याची खरी खूण ‘इथे कळत नाही’ हे ओळखण्यात आहे. सर नुकतीच येऊन गेली, घोडा ओल्यात कधी धावलेला नाही, मैदान दर शर्यतीला बदलते आहे, अशा वेळी जाणता माणूस पैसे खिशात ठेवतो. पैज न लावणे हाही ज्ञानाचाच निर्णय असतो, आणि पावसाळी दिवशी अनेकदा तोच सर्वांत अचूक ठरतो.

ओले मैदान दैव फारसे वाढवत नाही. आपले किती कळलेले आहे आणि किती नाही, हे ते उघड करते. त्या मोजणीतून कौशल्य ठरते, कायद्याची रेषाही ठरते. पण कौशल्य म्हणजे अधिकार नव्हे. पैज योग्य की अयोग्य हे पणाला लागलेली वस्तू, धावणारा जीव आणि हात आखडता घेण्याचा संयम यांवर ठरते, मैदान कोरडे असो वा ओले.